मुंबई ते लंडन: किती दूर, किती वेळ?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लांबच्या विमानप्रवासासंबंधी आलेली सात पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखक वेगवेगळ्या गावांचे असले, तरी बहुतेकांची गाठ एकाच ठिकाणी पडलेली दिसते. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, असे आपण शाळेत शिकलो. दोन विमानतळांमधील अंतर कागद-पेन्सिलीने काढता येते आणि ते ऋतूनुसार बदलत नाही. पण वेळ काढायला बसले, की त्या भागाकारात शाळेत न सांगितलेले बरेच भागीदार निघतात.

प्रश्न: माझी मुलगी लंडनला असते. शाळेतील भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मी मुंबई ते लंडन अंतर मोजले, ते इंटरनेटवरील आकड्याशी जुळले नाही. इंटरनेटवरही दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. खरे अंतर स्वतः काढण्याची काही रीत आहे का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: रीत आहे, आणि तिच्यासाठी दहावीपर्यंतच्या त्रिकोणमितीपेक्षा फारसे काही लागत नाही. मात्र आधी पट्टी बाजूला ठेवावी लागेल. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कोठेतरी ताण द्यावाच लागतो. भिंतीवर टांगलेला नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असेल, तर विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे त्याचे प्रमाण फुगत जाते आणि ६० अंश अक्षांशावर ते दुप्पट होते. तेव्हा मुंबईजवळचा एक सेंटिमीटर आणि लंडनजवळचा एक सेंटिमीटर यांची किंमत सारखी नसते, आणि एकाच प्रमाणाने केलेले मोजमाप चुकणारच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शाळेतील पृथ्वीगोल आणि दोरा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे गोलावरील एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा झाला. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक दाबून दुसरे लंडनपर्यंत ताणले, तर दोरा जवळजवळ १७ सेंटिमीटर भरतो. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर. पुढे येणारे गणिताचे उत्तर पाहिले म्हणजे दोऱ्याचे काम किती नेमके आहे, हे कळेल. ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग कापला असता मिळणारे ते वर्तुळ असते, आणि गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट त्याच्याच कमानीवरून जाते.

आता गणित. मुंबई विमानतळाचे अक्षांश १९.०९ उत्तर आणि रेखांश ७२.८७ पूर्व आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे अक्षांश ५१.४७ उत्तर आणि रेखांश ०.४६ पश्चिम आहेत. ग्रीनिचची रेषा दोहोंच्या मध्ये येत असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करावयाची, ती ७३.३३ अंश होते. (आमच्याकडे आलेल्या दोन पत्रांत नेमकी येथेच चूक झाली आहे.) दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा: ०.३२७० गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा: ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८६९, म्हणजे ०.१६८९. दोहोंची बेरीज ०.४२४७ येते. ज्या कोनाचे कोसाइन इतके असते, तो कोन ६४.८७ अंशांचा. पृथ्वीच्या केंद्रापाशी मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये इतका कोन होतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर पृष्ठभागावरील एक अंश १११.२ किलोमीटरचा असतो. म्हणून अंतर सुमारे ७,२१३ किलोमीटर.

तरीही दोन संकेतस्थळे दोन आकडे का देतात? त्याचे एक कारण असे, की पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावरील त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडील ६,३५७ किलोमीटर आहे. काही संकेतस्थळे तिला गोल मानून हिशेब करतात, तर काही चपट्या आकाराचे अधिक किचकट सूत्र वापरतात. शिवाय कोणी विमानतळापासून मोजतो, कोणी शहराच्या मध्यापासून. अशा कारणांनी पडणारा दहावीस किलोमीटरचा फरक लंडनच्या प्रवासात एका मिनिटाहून थोडाच अधिक होतो. त्यासाठी झोप घालवण्याचे कारण नाही. कोठे आकडा ३,९०० च्या आसपास दिसला, तर तो सागरी मैलांत आहे असे समजावे. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि बृहद्वृत्तावरील एका अंशात असे ६० मैल मावतात, त्यामुळे वैमानिकांना हेच एकक सोयीचे पडते.

आपण गणिताचे शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. संगणकावर हे काम पुष्कळदा हॅव्हरसाइन नावाच्या सूत्राने केले जाते, कारण जवळच्या दोन ठिकाणांसाठी वरील रीतीत कोसाइनची किंमत एकाच्या इतकी जवळ जाते, की दशांशस्थळे अपुरी पडू लागतात. एकातून कोसाइन वजा केल्यावर उरते ते व्हरसाइन, आणि हॅव्हरसाइन म्हणजे त्याचे निम्मे. हे व्हरसाइन म्हणजे आपली उत्क्रमज्या. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ‘ज्या’ म्हणजे साइनच्या किमतींबरोबर उत्क्रमज्यांच्याही किमती दिलेल्या आहेत. साइन हा शब्दही मुळात आपल्या ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ या शब्दाचाच, अरबी आणि लॅटिन अशा दोन भाषांतरांतून रूप पालटून परत आलेला वंशज आहे.

प्रश्न: न्यूयॉर्कला जाताना समोरच्या पडद्यावर विमान थेट पश्चिमेला न जाता उत्तरेकडे आइसलंडच्या दिशेने चाललेले दिसत होते. इतका वळसा कशासाठी? इंधन जास्त जळत नाही का? (वाचिका, ठाणे)

उत्तर: जो वळसा वाटतो तीच जवळची वाट आहे, वाकडा आहे तो नकाशा. मुंबई ते न्यूयॉर्क बृहद्वृत्तावरील अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मर्केटरच्या नकाशावर सरळ रेघ मारून होकायंत्राची एकच दिशा शेवटपर्यंत धरली, तर तेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होते. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी रेघ साडेसोळाशे किलोमीटरहून अधिक लांबची आहे. बृहद्वृत्ताची वाट मुंबईहून उत्तरेकडून सुमारे २७ अंश पश्चिमेला झुकून निघते आणि जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. तिचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू फेरो बेटांच्या उत्तरेला, आइसलंडच्या पूर्वेकडील समुद्रात पडतो. आपण पाहिलेले चित्र त्यामुळे अगदी बरोबर होते.

पण काही वळसे खरोखरीचे वळसे असतात, आणि त्यांचे कारण भूमितीत सापडत नाही. मुंबई–लंडन हीच वाट घ्या. तिचे बृहद्वृत्त कराचीच्या आसपास किनारा ओलांडते, बलुचिस्तानातून इराणमध्ये शिरते, तेहरानच्या पूर्वेकडून कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य टोकाकडे जाते, आर्मेनिया आणि जॉर्जिया यांच्या सीमाभागात निम्मे अंतर संपवते आणि मग काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, दक्षिण पोलंड, चेकिया व जर्मनी या क्रमाने लंडन गाठते. आता यातील किती आकाश खुले राहिले, ते पाहा. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. जून २०२५ मधील युद्धात इराणचेही आकाश काही काळ बंद होते. एका रेषेवर अशी तीन कुलुपे पडली, की अरबी समुद्र, आखाती देश, तुर्कस्तान असा फेरा घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सूत्राने दिलेले ७,२१३ किलोमीटर तेवढेच राहतात. विमानाच्या वाट्याला येतात ते मात्र त्याहून पुष्कळ अधिक.

याहून ठळक उदाहरण फिनलंडचे आहे. रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यानंतर फिनएअरचा हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे ९ तासांवरून सुमारे १३ तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत आणि त्यांमधील अंतरही एका इंचाने वाढलेले नाही.

प्रश्न: लंडनला जाताना दहा तास लागले आणि येताना नऊही लागले नाहीत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना मुंबई मागे राहते आणि येताना मुंबईच समोर येते, असे आमच्या घरात ठरले आहे. ते बरोबर आहे का? (वाचिका, डोंबिवली)

उत्तर: घरातील मंडळींनी दिशा बरोबर धरली आहे, पण कारण तसे नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडते. तसे नसते, तर मुंबईच्या मैदानावर सरळ वर फेकलेला चेंडू पश्चिमेकडच्या समुद्रात जाऊन पडला असता. विषुववृत्तावर जमिनीचा वेग तासाला सुमारे १,६७० किलोमीटर असतो. पृथ्वी खालून सरकत असती, तर पूर्वेकडे निघालेल्या विमानाला आपले ठिकाण कधी गाठताच आले नसते.

खरे कारण वारा हे आहे. लांबची विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात, आणि मध्यम अक्षांशांवर याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नवलाचे नाही, आणि हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या तापमानातील फरक वाढतो तेव्हा ते आणखी जोर धरतात. पृथ्वीच्या फिरण्याचा या वाऱ्यांना ही दिशा मिळण्यात वाटा आहे, तेव्हा आपल्या घरातील सिद्धान्ताला मागच्या दाराने थोडा प्रवेश देता येईल.

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात नाव आणि प्रवाह यांचे उदाहरण असते. येथे तेच सोडवायचे आहे. हवेतील वेग तासाला ९०० किलोमीटर आणि अंतर ७,२०० किलोमीटर धरले, तर वारा नसताना जाण्यास ८ तास आणि येण्यास ८ तास लागतील. सरासरी ६० किलोमीटरचा वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून मिळाला, तर जाण्यास ८ तास ३४ मिनिटे आणि येण्यास साडेसात तास लागतील. फरक तासाहून थोडा अधिक, आणि चढणे, उतरणे व धावपट्टीपर्यंतची रांग दोन्हीकडे मिळवली, की आपला अनुभव जुळतो. यात एक गंमत दडलेली आहे. दोन्ही वेळांची बेरीज १६ तास न येता ४ मिनिटे जास्त येते. वारा १५० किलोमीटरचा केला, तर जाण्यास ९ तास ३६ मिनिटे, येण्यास ६ तास ५१ मिनिटे आणि बेरीज १६ तास २७ मिनिटे होते. वाऱ्याने जाताना घेतलेले तो येताना पुरते परत देत नाही, कारण संथ वेगाने आपण जास्त वेळ चालतो आणि नुकसान त्या जास्त वेळभर सोसतो.

पाठीच्या वाऱ्याची कमाल फेब्रुवारी २०२० मध्ये दिसली. कियारा नावाचे वादळ अटलांटिकवर असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे आणि एरवी त्याला सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीवरून पाहता त्या विमानाचा वेग काही वेळ तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणून त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असे काहींनी छापले. ते खरे नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने चालले होते. धावत होती ती हवा.

प्रश्न: दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेल्याने मार्ग लांबला, तरीही वेळ वाचला असे वाचले. हे कसे शक्य आहे? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: डोंबिवलीच्या उत्तरातील वारा येथेही कामास येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान बांगलादेश, म्यानमार, चीन आणि जपान यांवरून पॅसिफिक महासागराच्या मार्गे नेले. अटलांटिकचा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता आणि हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. म्हणजे १,४०० किलोमीटरची जादा चाल. पण अटलांटिकवरून जाताना विमान पश्चिमेकडे, म्हणजे समोरच्या वाऱ्यात जाते, आणि पॅसिफिकवरून जाताना पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन जाते. त्या दिवशी प्रवास सुमारे साडेचौदा तासांत झाला. भागाकार करून पाहा: सरासरी वेग तासाला १,०५० किलोमीटरच्या वर जातो. असा वेग त्या विमानाला स्वतःच्या बळावर मिळणारा नव्हता.

आता सूत्राने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अंतर काढलेत, तर ते सुमारे १२,३८० किलोमीटर येईल, म्हणजे दोन्ही मार्गांपेक्षा कमी. मग त्या वाटेने का जात नाहीत? ती वाट सैबेरियाच्याही उत्तरेला, ७५ अंशांच्या पुढे जाते, आणि दिल्लीहून तिकडे सरळ निघायचे म्हणजे हिमालय आणि तिबेटचे पठार ओलांडणे आले. विमानातील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते; तिबेटात जमीनच साडेचार किलोमीटरवर आहे. तशा प्रदेशावरून जाण्यासाठी सुटकेच्या वाटा आधीच आखलेल्या असाव्या लागतात.

ध्रुवाकडची वाट अगदीच टाळली जाते असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आलेले एअर इंडियाचे विमान कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले. त्या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १३,९९० किलोमीटर आहे. उदाहरण म्हणून हे अंतर सातारच्या शिक्षकांच्या रीतीने आपण स्वतः काढून पाहावे. बंगळूर विमानतळ १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. रेखांशांची बेरीज १८० च्या वर गेली, तरी घाबरू नये. ती ३६० मधून वजा करावी.

प्रश्न: मुंबई–दिल्ली विमानाच्या तिकिटावर २ तास १० मिनिटे छापलेली असतात, पण वैमानिक दीड-पावणेदोन तासांत पोहोचू असे सांगतो. कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून सांगतात का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: थोडी वाढवतात, पण सगळा फरक त्यामुळे नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतची वेळ. वैमानिक सांगतो ती हवेतील वेळ. मधला अर्धा तास मुंबईच्या धावपट्टीपुढील रांगेत आणि दिल्लीत उतरल्यानंतर चाकांवरून चालण्यात जातो. त्यावर कंपनी आणखी काही मिनिटे राखून ठेवते, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान वेळेवर आल्याची नोंद होते. ही चलाखी आहे खरी. परंतु प्रवाशाला पुढचे विमान गाठायचे असेल, तर ती त्याच्याही पथ्यावर पडते.

घरच्या घरी अंदाज करण्यासाठी अंतराला ८५० ने भागून अर्धा तास मिळवावा. मुंबई–दिल्ली १,१३८ किलोमीटर आहे. भागाकार १ तास २० मिनिटे, अर्धा तास मिळवला की १ तास ५० मिनिटे, आणि जमिनीवरील वीस मिनिटे धरली की तिकिटावरचा आकडा. इंटरनेटवरील अंतर-गणक साधारण याच जातीचा हिशेब करतात आणि उत्तर मिनिटापर्यंत छापतात. त्या मिनिटांवर माझा विश्वास नाही. कमी अंतरावर हा नियम बरा चालतो. सात-आठ हजार किलोमीटरच्या पुढे एका तासाची चूक होणे सहज शक्य आहे. लांबच्या प्रवासासाठी त्याच मार्गावरील त्याच विमानाच्या मागील दहा-पंधरा दिवसांच्या प्रत्यक्ष नोंदी पाहाव्यात. त्यांत वाराही आलेला असतो आणि बंद आकाशही.

प्रश्न: मुलाने अमेरिकेचे तिकीट पाठवले आहे. मुंबईहून रात्री १:३० ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७ वाजता पोहोचणार असे त्यावर आहे. साडेपाच तासांत अमेरिका? (वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळातील आहेत, म्हणून त्यांची थेट वजाबाकी चालत नाही. आधी दोन्ही एकाच घड्याळात आणाव्यात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या मागे साडेदहा तास असते. तेथील सकाळचे ७ म्हणजे आपल्याकडील संध्याकाळचे ५:३०; रात्री १:३० पासून मोजले तर १६ तास. परतीला उलट करावे. समजा, विमान तेथून सकाळी ११ ला निघाले. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९:३० झालेले असतात. पाठीच्या वाऱ्यावर साडेचौदा तास धरले, तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत येईल. कोणत्याही दोन गावांसाठी हीच युक्ती पुरते: सर्व वेळा भारतीय वेळेत लिहा, मगच बेरीज-वजाबाकी करा.

एक खोच लक्षात ठेवावी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. त्यामुळे न्यूयॉर्कचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांवर येतो आणि लंडनचा साडेपाचाचा साडेचार होतो. मार्चमधील दोन-तीन आठवडे तर असे येतात, की अमेरिकेने घड्याळ बदललेले असते आणि ब्रिटनने नसते. मी स्वतः एका मार्चमध्ये लंडनमार्गे येणाऱ्या भाच्याला आणायला या घोटाळ्यामुळे तासभर आधी जाऊन उभा राहिलो होतो, आणि तेव्हापासून हा हिशेब कागदावरच करतो.

पूर्वी मुंबईकरांना असा हिशेब पुण्या-नागपूरलाही जाताना करावा लागे, हे आज खरे वाटत नाही. रेखांशाच्या दर अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. मुंबई सुमारे ७३ अंशांवर असल्यामुळे तिची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ पासून साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. साडेपाचातील तो अर्धा तास परदेशस्थांना आजही गोंधळात पाडतो, तो ८२.५ अंश रेखांशाची मध्यरेषा निवडल्यामुळे आलेला आहे.

प्रश्न: मुलगा हिवाळ्यात लंडनहून थेट विमानाने मुंबईला येणार आहे. विमान तेथील वेळेनुसार रात्री साडेनऊला निघते. त्याला आणण्यासाठी मी कोल्हापूरहून गाडी कधी काढावी? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वेळापत्रकातील साडेनऊ ही जागेवरून हलण्याची वेळ आहे. विमान प्रत्यक्ष हवेत केव्हा गेले ते फोनवर पाहता येते, आणि आपला हिशेब तेथून सुरू करावा. ते साडेनऊच्या थोडे पुढे म्हणजे पावणेदहाला उडाले असे धरू. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, म्हणून आपल्याकडे पहाटेचे सव्वातीन झालेले असतील. पाठीचा वारा आणि मार्गातील फेरा दोन्ही लक्षात घेऊन साडेआठ तास मिळवावेत. विमान पावणेबाराच्या सुमारास उतरेल. पारपत्र तपासणी आणि सामान यांसाठी एक तास धरला, तर मुलगा पाऊण वाजता बाहेर येईल.

कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर आहे आणि थांबे धरून आठ तास हाताशी ठेवणे बरे. म्हणजे पावणेपाचला निघावे लागेल. विमानाचा ७,२०० किलोमीटरचा अंदाज बहुधा वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक चुकणार नाही. पुणे आणि घाट यांच्यामधील आपल्या गाडीचा अंदाज मात्र सहज दोन तासांनी चुकू शकतो, त्यामुळे मी असतो तर चारलाच निघालो असतो. आपण कराड ओलांडाल तेव्हा विमान बहुधा काळ्या समुद्राच्या जवळ पोहोचलेले असेल.